रुग्णाबरोबर आलेल्या माणसाचंही रक्त घ्या : ठाणे-नवी मुंबईतल्या नेत्रतज्ज्ञांना खुलं पत्र

ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल परिसरातल्या सर्व नेत्रतज्ज्ञांना,

सप्रेम नमस्कार.

डोळ्याच्या हर्पिसचा रुग्ण तुमच्याकडे सहसा एकटा येत नाही. उजेड सोसत नाही, डोळा उघडत नाही, म्हणून बरोबर बायको, नवरा, आई, भाऊ असं कुणीतरी असतं. रुग्ण डोळा तपासायच्या स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवतो आणि बरोबरचा माणूस बाजूच्या स्टुलावर पिशवी सांभाळत बसतो. माझी विनंती त्या स्टुलावरच्या माणसाबद्दल आहे.

त्याच्या अंगातही बहुधा तोच विषाणू असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे तिघांतल्या जवळपास दोघांच्या शरीरात एचएसव्ही-१, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा पहिला प्रकार, कायमचा वस्तीला आहे. बहुतेकांना तो लहानपणीच कुणाच्या तरी लाळेतून मिळतो आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या गाठीत निपचित पडून राहतो. कुणाच्या बाबतीत तो अधूनमधून उठतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने बुबुळापर्यंत येतो. कुणाच्या बाबतीत तो आयुष्यभर गप्प राहतो. दोघांच्या शरीरात विषाणू तोच असेल, तर एकाच्या डोळ्यात फूल पडतं आणि दुसऱ्याला आपल्या अंगात काही आहे याचा पत्ताही लागत नाही, हे का? कडक ऊन, ताप, मधुमेह, डोळ्याचं ऑपरेशन, विषाणूचा वाण अशी कारणं त्यात आहेतच. पण उत्तराचा मोठा भाग त्या निरोगी माणसाच्या टी-पेशींमध्ये, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये आहे, आणि डोळ्याच्या हर्पिसवर पेप्टाइड लस, म्हणजे विषाणूच्या प्रथिनांचे नेमके छोटे तुकडे वापरून केलेली लस, व्हायची असेल तर ते उत्तर आपल्याला हवंच आहे.

मी डॉक्टर नाही. ऐरोलीत राहते आणि ठाणे-बेलापूर रोडच्या औद्योगिक पट्ट्यात पेप्टाइड बनवण्याचं काम करते. अमिनो आम्लांच्या साखळ्या जोडणं हा माझा व्यवसाय. या लसीबद्दल बोलण्याचा माझा अधिकार तेवढाच, पण तो अगदीच लहान नाही असं मला वाटतं. लस बनवताना नेमकं अवघड काय आणि सोपं काय, हे माझ्या बाजूने मला स्पष्ट दिसतं.

सोपं काय, ते आधी सांगते. नऊ अमिनो आम्लांचं पेप्टाइड करणं आज अजिबात कठीण नाही. रेझिनच्या बारीक मण्यांवर पहिलं अमिनो आम्ल बसवायचं, त्याचं संरक्षक टोक पिपरिडीन या रसायनाने काढायचं, पुढचं जोडायचं, पुन्हा टोक काढायचं. मण्यांवर साखळी वाढवण्याची ही मूळ कल्पना ब्रूस मेरीफिल्ड यांनी १९६३ साली मांडली आणि १९८४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आता हे यंत्रावर होतं. एवढी छोटी साखळी एका दिवसात उभी राहते. मग टीएफए या आम्लाने रेझिनवरून सोडवायची, थंड इथरमध्ये खाली बसवायची, एचपीएलसी या शुद्धीकरणाच्या यंत्रावर शुद्ध करायची आणि लायोफिलायझरमध्ये गोठवून सुकवायची. हाती येते ती कापसासारखी हलकी पांढरी पावडर. लसीसाठी उघडं पेप्टाइड पुरत नाही, कारण शरीरातले एन्झाइम त्याचे झटपट तुकडे करतात आणि प्रतिकारशक्ती त्याची फारशी दखल घेत नाही. म्हणून त्याला पामिटिक आम्लाची शेपटी जोडून लिपोपेप्टाइड करतात. अशी शेपटी लावली की शुद्ध न केलेला कच्चा माल चिकट होतो, पाण्यात विरघळायला नाखूश असतो, शुद्धीकरणाच्या नळीला धरून बसतो आणि बॅच शुद्ध करताना जीव मेटाकुटीला येतो. पण मधुमेहावरचं आणि वजन कमी करण्याचं औषध सेमाग्लुटाइडही याच जातीचं आहे : ३१ अमिनो आम्लांची साखळी आणि तिच्यातल्या लायसिनवर टांगलेली चरबीची लांब शेपटी. त्या औषधाच्या मागे लागून आपल्या कंपन्यांनी हे कसब आता शिकून घेतलं आहे. बनवायची यंत्रं आहेत, माणसं आहेत, अनुभव आहे.

अवघड आहे ते कोणतं पेप्टाइड बनवायचं हे ठरवणं. तिथे मी आणि माझं यंत्र काहीच करू शकत नाही.

एचएसव्ही-१ची ऐंशीच्या आसपास प्रथिनं आहेत. त्यातल्या ग्लायकोप्रोटीन बी या एकाच प्रथिनात नऊशेच्या आसपास अमिनो आम्लं आहेत. त्यातले कोणते नऊ-नऊचे तुकडे निवडायचे? सगळंच प्रथिन टोचून का पाहू नये, असा प्रश्न कुणीही विचारेल. ते करून झालं आहे. ग्लायकोप्रोटीन डी हे प्रथिन वापरून केलेल्या लसीची आठ हजारांहून जास्त स्त्रियांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. ती जननेंद्रियांच्या हर्पिससाठी होती. एचएसव्ही-१वर तिचा थोडा उपयोग दिसला, एचएसव्ही-२ या दुसऱ्या प्रकारावर दिसला नाही, आणि लस काही बाजारात आली नाही. आजतागायत हर्पिस सिम्प्लेक्सवर मान्यता मिळालेली एकही लस नाही.

डोळ्याच्या बाबतीत धोका आणखी वेगळा आहे, आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी चांगला ठाऊक आहे. स्ट्रोमल केराटायटिसमध्ये, म्हणजे बुबुळाच्या आतल्या थराला सूज येते तेव्हा, बुबुळ गढूळ होतं ते बऱ्याच अंशी विषाणूवर तुटून पडणाऱ्या आपल्याच टी-पेशींमुळे. म्हणजे चुकीच्या लक्ष्यावर प्रतिकारशक्ती चेतवली तर लस घेतलेल्याचा डोळा न घेतलेल्यापेक्षा जास्त बिघडू शकतो. ही नुसती शंका नव्हे. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय संस्थेत उंदरांना विषाणूचं ग्लायकोप्रोटीन के हे प्रथिन टोचून मग डोळ्यात विषाणू सोडला, तेव्हा बुबुळावरचा व्रण वाढला. अख्ख्या प्रथिनात कामाचे तुकडे आणि घातक तुकडे एकत्र येतात. पेप्टाइडमध्ये निवड करता येते. मला पेप्टाइड लसीवर विश्वास वाटतो तो याच कारणाने.

निवड कशी करायची, याची वाट कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठात लबशीर बेनमोहम्मद यांच्या गटाने दाखवली. त्यांनी दोन प्रकारची माणसं घेतली : वारंवार डोळ्याचा हर्पिस होणारी, आणि विषाणू अंगात असूनही कधीच काही न झालेली. दोघांच्या टी-पेशी विषाणूचे कोणते तुकडे ओळखतात ते तपासलं. तुकडे वेगवेगळे निघाले. २०१३ साली त्यांनी ग्लायकोप्रोटीन बीमधले, अमिनो आम्ल क्रमांक ३४२ ते ३५० आणि ५६१ ते ५६९ हे तुकडे पुढे ठेवले. निरोगी माणसांच्या टी-पेशी त्यांना जोमाने प्रतिसाद देत होत्या, आणि मानवी एचएलए (टी-पेशीला विषाणूचा तुकडा दाखवणारा रेणू) बसवलेल्या उंदरांमध्ये त्यांनी डोळ्याचं रक्षणही केलं. पुढे अशाच मानवी एचएलए असलेल्या सशांवरही काम झालं. सशाच्या डोळ्यात हर्पिस माणसासारखाच आपोआप पुन्हा उठतो, म्हणून त्याला महत्त्व. म्हणजे लसीत काय घालायचं हे निरोगी वाहकाने सांगितलं.

मग तेच दोन तुकडे उद्या आमच्या पट्ट्यातल्या रबाळ्यात बनवून आपल्या माणसांना द्यायचे का? नाही, आणि इथेच तुमची गरज लागते. टी-पेशीला विषाणूचा तुकडा दिसतो तो एचएलए या रेणूच्या खाचेत बसलेला. माणसामाणसात ही खाच वेगळी असते आणि प्रत्येक खाचेत प्रत्येक तुकडा बसत नाही. अर्व्हाइनचे ते तुकडे एचएलए-ए*०२:०१ या प्रकारासाठी शोधलेले आहेत. युरोपीय वंशाच्या लोकांत तो मुबलक आहे. भारतात ए-०२ कुळातलेही वेगळे उपप्रकार मोठ्या प्रमाणात सापडतात, उदाहरणार्थ ए*०२:११. त्याशिवाय ए*११:०१, ए*२४:०२ आणि ए*३३:०३ आपल्याकडे बऱ्यापैकी आढळतात. कळव्याच्या, कोपरखैरण्याच्या, उरणच्या माणसाच्या खाचेत कोणता तुकडा बसतो आणि त्यातला कोणता डोळा वाचवतो, हे इथल्याच माणसांच्या रक्तात बघावं लागेल. संगणकावर अंदाज बांधता येतो. खात्री जिवंत टी-पेशीच देते.

तुकडा चुकीचा निवडला की काय होतं, याचं अलीकडचं उदाहरण रशियाची कोविडवरची लस एपिव्हॅककोरोना. तीन कृत्रिम पेप्टाइडांवर उभारलेल्या या लसीला २०२० साली तिथे मान्यता मिळाली. निवडलेल्या पेप्टाइडांमुळे संरक्षण मिळतं का, यावर स्वतंत्र शास्त्रज्ञांनी गंभीर शंका घेतल्या. पेप्टाइड लसीचं नाव त्याने खराब झालं, याचं मला वाईट वाटतं. रसायनशास्त्र कितीही नेटकं असलं तरी निवडीची चूक ते झाकू शकत नाही.

उलट, मज्जातंतूत दडून बसणाऱ्या विषाणूवर लस होऊच शकत नाही, हे म्हणणं नागिणीच्या लसीने खोडून काढलं आहे. नागिणीचा विषाणूही हर्पिसच्याच कुटुंबातला आणि तोही असाच गाठीत लपून बसतो. त्याचं एकच प्रथिन आणि जोडीला एक चांगला ॲड्जुव्हंट, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणारा घटक, एवढ्यावर उभी असलेली शिंग्रिक्स ही नागिणीची लस पन्नाशीपुढच्या लोकांच्या चाचण्यांमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त परिणामकारक ठरली. ती भारतातही मिळते. कपाळावर आणि डोळ्याभोवती उठणारी नागीण तुम्ही पाहता. वयस्कर रुग्णांना या लसीबद्दल तुम्ही स्वतःहून सांगत जावं, एवढं जाता जाता म्हणते.

आता थोडं घरचं. माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा डोळा पहिल्यांदा लाल झाला तो पावसाळ्यात. सगळीकडे डोळ्यांची साथ होती, म्हणून घराजवळच्या औषधाच्या दुकानातून ड्रॉप आणले. त्यात स्टेरॉइड होतं. फांद्यांसारखा बारीक व्रण असणार तो पसरून नकाशासारखा झाला आणि मग आम्ही डॉक्टरांकडे पोचलो. ॲसायक्लोव्हिरच्या मलमाने आणि गोळ्यांनी तो भरला. पण पुन्हा उठला, नंतर पुन्हा. आता बुबुळावर डाग आहे आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये समोरच्या गाडीचा दिवा तिच्या त्या डोळ्यात फुटतो. ती कळव्यात राहते, शिवणकाम करते आणि सुईत दोरा मुलीकडून ओवून घेते. आम्ही दोघी एका ताटात जेवून वाढलो. माझ्या रक्ताची तपासणी केली. एचएसव्ही-१च्या अँटिबॉडी माझ्यातही आहेत. मला आजवर ओठावर साधा फोडसुद्धा आलेला नाही. दरवेळी तुमच्यासारख्या एखाद्या डॉक्टरांच्या खोलीत त्या स्टुलावर मी बसलेली असते, आणि माझं रक्त आजवर कुणी मागितलेलं नाही.

सख्ख्या भावंडांचं एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. खाच एक, घर एक, बहुधा विषाणूही एक, आणि एकीचा डोळा गेला, दुसरीचा शाबूत. अशा जोड्या संशोधकाला शोधून सापडत नाहीत. तुमच्याकडे त्या केसपेपर हातात धरून येतात.

औषध तर आहे, मग लस कशाला, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. १९९८ साली अमेरिकेत ७०३ रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, तो तुम्ही शिकलाच आहात. वर्षभर दिवसातून दोनदा ४०० मिलिग्रॅम ॲसायक्लोव्हिर घेणाऱ्यांत पुन्हा आजार उठण्याचं प्रमाण १९ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ३२ टक्के. फायदा खरा आहे. तरीही वर्षभर गोळ्या घेऊन पाचातल्या जवळपास एकाचा डोळा पुन्हा बिघडला, आणि गोळ्या थांबल्या की संरक्षणही थांबतं. रोजंदारीवरच्या माणसाला वर्षानुवर्षं गोळ्या घ्यायला लावणं किती कठीण, ते तुम्ही जाणता. शेवटी बुबुळ बदलायची वेळ आली, तर हर्पिसच्या डोळ्यात ते टिकवणंही इतर रुग्णांपेक्षा कठीण.

साथीच्या डोळ्यांचा मुद्दाही येईल. २०२३च्या जुलैमध्ये आळंदीपासून सुरू झालेली साथ ठाण्यातल्या शाळांपर्यंत पोचली, तेव्हा यावर लस का नाही, असं लोक विचारत होते. अशा साथींमागे बहुधा ॲडिनोव्हायरस किंवा एन्टेरोव्हायरस असतात. त्यांचे प्रकार अनेक आहेत आणि बहुतेक डोळे एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. माझ्या मते लसीचा पहिला पैसा हर्पिसवर खर्च व्हावा, कारण तो दृष्टी नेतो आणि परत परत येतो.

पण साथीच्या डोळ्यांनी आपल्या शहराला एक गोष्ट दाखवून दिली होती. १९७१ साली मुंबईत डोळ्यांची मोठी साथ आली. त्यानंतर काही रुग्णांचे पाय लुळे पडू लागले. डोळे येणं आणि पाय लुळे पडणं यांचा संबंध डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडला आणि १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. हे कळलं ते रुग्ण नीट पाहिल्यामुळे, नोंदी ठेवल्यामुळे आणि एकमेकांना विचारल्यामुळे. हे काम नेहमीच्या ओपीडीतून झालं, आणि ते तुम्ही आजही करू शकता.

मी नेमकं काय मागते आहे ते सांगते. ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या नेत्रतज्ज्ञांनी हर्पिस केराटायटिसची (बुबुळाच्या हर्पिसची) एकच सामाईक नोंद ठेवावी. एका पानाचा फॉर्म पुरे : कोणता डोळा, बुबुळाचा कोणता थर, कितव्यांदा, आधी स्टेरॉइड पडलं होतं का, सध्या कोणतं औषध. गर्दीच्या ओपीडीत तुम्हाला वेळ नसतो. तुमचे ऑप्टोमेट्रिस्ट तो भरू शकतील. दुसरं, रुग्णाची आणि बरोबर आलेल्या रक्ताच्या नातेवाइकाची, दोघांची संमती घेऊन रक्ताची एकेक नळी घ्यावी. त्यात अँटिबॉडी बघायच्या, एचएलए बघायचं आणि टी-पेशी वेगळ्या करून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायच्या.

हे इथेच का, याचं कारण साधं आहे. टी-पेशी शक्यतो त्याच दिवशी वेगळ्या कराव्या लागतात. दिल्लीला नळी पाठवेपर्यंत त्यांची रया जाते. ठाणे-वाशी-पनवेल या लोकलच्या रुळांवर मात्र सगळं हाताशी आहे. कळवा, नेरूळ आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून पुढे आणलेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या टी-पेशींच्या उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली. टी-पेशी जिवंत सांभाळणारे हात आपल्या शेजारीच आहेत. परळला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, जिथे भारतीयांच्या एचएलएवर पूर्वीपासून काम झालेलं आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी एचएलए तपासणाऱ्या लॅब मुंबईभर आहेत. तपासायला लागणारी पेप्टाइडं तर आमच्या रस्त्यावरच बनतात, आणि पहिल्या चाचण्यांना प्रत्येकाचे काही मिलिग्रॅम पुरतात.

संमतीबद्दल मला विशेष काळजी आहे. तो नातेवाईक आजारी नसतो, दुसऱ्यासाठी आलेला असतो, आणि डॉक्टरांनी मागितलं तर नाही म्हणायला संकोचतो. म्हणून विचारणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळी असावी. कागद मराठीत, हिंदीत आणि लागेल त्या भाषेत असावा. नकार दिला तर रुग्णाच्या उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हे पहिल्याच ओळीत असावं. हर्पिस म्हटलं की लोकांच्या मनात भलते अर्थ येतात. बायको-नवऱ्यात संशय शिरू शकतो. हा विषाणू लहानपणी आईच्या पाप्यातूनही मिळतो, हे आधी सांगितल्याशिवाय नळी घेऊ नये. नमुन्यावर नाव नको, फक्त क्रमांक. छोट्या दवाखान्यांना स्वतःची नैतिकता समिती नसते, तेव्हा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने पुढाकार घेऊन सगळ्यांसाठी एकच प्रस्ताव आपल्या समितीपुढे न्यावा.

एवढ्याने लस तयार होणार नाही. नमुने, मग तुकड्यांची निवड, मग प्राणी, मग माणसांवरच्या चाचण्या. यात बरीच वर्षं जातील आणि मध्येच कुठे तरी हे फसूही शकतं. माझ्या बहिणीच्या डोळ्याला त्याचा उपयोग होईल असं मी धरून चाललेले नाही. पण पहिली पायरी तुमच्याखेरीज कुणाच्याच हातात नाही. जैवतंत्रज्ञान विभागाकडे किंवा आयसीएमआरकडे निधी मागायला जाताना ‘आमच्याकडे इतके रुग्ण, इतक्या निरोगी नातेवाइकांसह, नोंदलेले आहेत’ असं सांगता आलं, तर ते ऐकतील.

तुमच्या संघटनांच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. पेप्टाइडांच्या बाजूने काय शक्य आहे, किती शुद्धतेचं लागेल, खर्च कुठे होतो आणि कुठे वाचतो, हे समजावून सांगायला मी कोणत्याही रविवारी, कुठेही येईन. आणि फॉर्मचा पहिला मसुदा होईल तेव्हा पहिल्या दोन नळ्या आम्हा बहिणींच्या घ्या. बहिणीशी बोलले आहे. ती तयार आहे.

आपली नम्र,
ऐरोलीत राहणारी एक पेप्टाइड रसायनतज्ज्ञ